किती दिवसांची रजा

दीप्तीचं डोहाळजेवण उरकलं, कांदिवलीची सासरची मंडळी नारळ, साडी आणि उरलेली बर्फी घेऊन निघाली, आणि मग मुलुंडच्या त्या दोन खोल्यांच्या घरात खरं काम सुरू झालं. दीप्तीनं बाळंतपणाला कुठं राहायचं ते ठरायचं होतं. इथे आजीपाशी, की घाटकोपरला आईकडे.

आता कुणी म्हणेल, यात ठरवायचं काय? पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर म्हणजे आई. ओव्हाळांच्या घरात सगळं इतकं सरळ असतं तर या घराण्याची एवढी प्रकरणं सांगायची वेळच आली नसती. दीप्ती तीन वर्षांची असताना तिचे वडील, हवालदार चंद्रप्रकाश, सीमेवर बर्फाच्या कड्याखाली गेले. तिच्या आईकडे, वनमालाकडे, समाजकार्याची पदवी होती, म्हणून लष्करी इस्पितळातल्या मानसोपचाराच्या वॉर्डात तिला समाजसेविकेची नोकरी मिळाली. आधी जम्मू, मग जबलपूर, मग देवळाली. पोर मुलुंडला राहिली, वनमालाच्या आईच्या, सुंदराबाईंच्या, पदराला धरून, चौदा वर्षं. आजीला ती आई म्हणायला शिकली आणि आईला मम्मी.

त्या वॉर्डात वनमालाचं मुख्य काम होतं चिठ्ठ्या लिहिण्याचं. रात्ररात्र न झोपलेला जवान समोर बसायचा, ती त्याचं सगळं ऐकून घ्यायची आणि मोठ्या साहेबांना लिहायची की याची लहान मुलगी याला ओळखेनाशी झाली आहे, याला घरी जाणं अत्यंत गरजेचं आहे, वीस दिवसांची रजा मिळावी. तिच्या चिठ्ठीनं शेकडो बाप आपापल्या लेकरांपर्यंत पोचले. ती स्वतः वर्षातून दोनदा यायची, हातात एक लहानशी पिशवी घेऊन. बेल वाजली की दीप्ती दार उघडायची आणि पिशवीला हात लावायच्या आधी विचारायची, “किती दिवसांची रजा?” दहा म्हटलं की मान हलवून बाजूला व्हायची. घरात ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात. प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी सांगतंच, आणि सगळ्यात मोठ्यानं वनमालाच हसते.

पुढे ती मुंबईला आली, डॉक्टरेट केली, गोवंडीकडच्या एका कॉलेजात प्राध्यापक झाली, रीतसर निवृत्त झाली. आता घाटकोपरच्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत ती लोकांचे संसार सांधत बसते. दारावर पाटी आहे, कुटुंब समुपदेशक. ठाण्यापासून सायनपर्यंतची भांडकी जोडपी त्या पाटीखालून आत जातात आणि बरीचशी हातात हात घालून बाहेर पडतात. ओव्हाळांच्या घरातलं मात्र आजवर कुणी तिथे गेलेलं नाही. तिच्या मोठ्या भावाचं, राजेशचं, बायकोशी बोलणं वर्षभर बंद होतं तेव्हा ती दोघं गुपचूप भांडुपच्या एका बाईंकडे सल्ल्याला गेली. बाई निघाल्या वनमालाच्याच विद्यार्थिनी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, आणि तो वनमालाला दिसत नव्हता असंही नाही.

गेला महिनाभर तिनं घाटकोपरची आतली खोली बाळंतिणीसाठी सजवली होती. बाज आणली, जाड पडदे लावले, सोसायटीला धूर चालत नाही म्हणून विजेची शेगडी घेतली. डिंकाचे लाडू मोबाइलवर बघून बघून केले. पहिली खेप जळली, दुसरी वळलीच गेली नाही, तिसरी वळली गेली पण अशी कडक की फेकून मारली असती तर माणूस दवाखान्यात गेला असता. एकसष्ट वर्षांच्या त्या बाईला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती, लेक सव्वा महिना आपल्या घरात. चौदा वर्षांच्या बदल्यात सव्वा महिना, असा हिशेब तिनं कुणाला सांगितला नव्हता. 

तर मंडळी बसली. बोलता बोलता वनमालानं तीन खुर्च्या आणि दोन वेताचे मोडे सरकवून गोल केला. हे तिचं तिलाही कळलं नाही, इतकी हाताला सवय.

राजेशच्या बायकोनं, वहिनीनं, गोलाकडे एकदा पाहिलं. “ताई, फी नाही ना घेणार?”

सगळे हसले. वनमालाही हसली, आणि सुरुवात तर झकास झाली. राजेशदादा घाटकोपरच्या बाजूनं बोलला. इथे चौथा मजला, लिफ्ट महिन्यातले आठ दिवस बंद, संडास एकच आणि माणसं चार, त्यात तान्हं मूल. वहिनीनं लगेच दुजोरा दिला, तिचे गुडघे गेले होते आणि खाली बसून बाळाला न्हाऊमाखू घालणं तिच्यानं होणार नव्हतं. जावईबापू, म्हणजे सुबोध, दीप्ती म्हणेल तसं असं म्हणाला आणि जावयाच्या जातीला शोभेल असा मोबाइलमध्ये गेला. राहिल्या सुंदराबाई. शहाऐंशी वर्षांच्या, कॉटवर मांडी घालून बसलेल्या.

“शेक-शेगडी कोन करनार? ही?” त्या म्हणाल्या. “हिला झोळीची गाठ तरी मारता येती का?”

वनमालानं वाद घातला नाही. पिशवीतून लाडवांचा डबा काढून आईपुढे धरला. सुंदराबाईंच्या तोंडात चार दात. त्यांनी लाडू गालात धरून ठेवला, डोळे मिटले, बराच वेळ तो विरघळवला. घर त्यांच्या गालाकडे बघत बसलं.

“गूळ बरा हाय,” शेवटी त्या म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून हे म्हणजे सरकारी दाखलाच. दीप्ती भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. हिरव्या साडीत तिला उकडत होतं. ती किंचित हसली आणि म्हणाली, “मम्मीकडे एसी पण आहे.” वनमालाला वाटलं, झालं, जमलं. आनंदाच्या भरात तिनं डब्याचं झाकण दोनदा लावलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून प्रियंका आली. राजेशदादाची ही धाकटी, समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला, गोवंडीच्या त्याच कॉलेजात. तिथे ती आत्याच्या ओळखीवर नव्हे, स्वतःच्या मार्कांवर शिरली आहे, हे ती दिवसातून दोनदा सांगते. हातात आत्याचंच पुस्तक होतं, जे तिथे चौदा वर्षं अभ्यासाला आहे. सोमवारी निबंध पुन्हा लिहून द्यायचा होता, आत्या खुशीत दिसत होती, पोरीला वाटलं हीच वेळ.

“आत्या, प्रकरण सातमधली आजी बरोबर की चूक ते एकदा सांग ना. मी लिहिलं की ही आजी आमच्याच आजीसारखी वाटते. सरांनी पाचच मार्क दिले, म्हणाले वैयक्तिक होऊ नका.” आणि मग कौतुकानं, “आपला तो रजेचा जोक पण टाकलायस ना तू त्यात. ते पोरगं दारात विचारतं ते.”

वनमालाच्या तोंडचं पाणी पळालं. पुस्तक लिहिताना तिनं सगळी काळजी घेतली होती. मुलुंडचं नागपूर केलं होतं, ओव्हाळांचं ‘क’ कुटुंब केलं होतं, अकरा वर्षांच्या मुलीचा अकरा वर्षांचा मुलगा केला होता. नावं बदलली की माणसं ओळखू येत नाहीत असा या विद्येचा नियमच आहे. शिवाय घरातलं कुणी आपलं पुस्तक उघडणार नाही याची तिला खात्री होती. घरातल्या माणसांविषयी तिचा एवढा एकच अंदाज आजवर बरोबर ठरत आला होता.

“वाच,” सुंदराबाई म्हणाल्या.

वनमालानं मोडता घालून पाहिला. पण प्रियंका वाचायला लागली होती, आणि दोन ओळींनंतर तिलाही कळलं की आपण काय वाचतोय. तिनं थांबायचं बघितलं तर आजीनं थांबू दिलं नाही. ‘आजी मुलाला अतिसंरक्षण देते व आई-मुलाच्या नात्यात अडथळा ठरते.’ अतिसंरक्षण म्हणजे काय ते सुंदराबाईंनी विचारलं. जास्त जपणं, प्रियंका पुटपुटली.

“मग कमी कोनी जपायचं हुतं?” सुंदराबाई म्हणाल्या. “आनि पोरीचा पोरगा केला व्हय?”

राजेशदादानं आपल्याविषयी काय आहे ते विचारलं. ‘मामा निष्क्रिय आहे.’ एवढंच होतं. या माणसानं दीप्ती पाचवीत असताना तापानं फणफणली तेव्हा तिला खांद्यावर टाकून, बंद लिफ्टला शिव्या घालत, चार मजले उतरवून दवाखान्यात पोचवलं होतं. तो आपल्या हातांकडे बघत म्हणाला, मघाशी लिफ्टचं जे बोललो ते मी परत घेतो.

मग वहिनीनं विचारलं. प्रियंकानं पान उलटून पाहिलं, मागे पाहिलं, पुढे पाहिलं. तिच्या आईचा उल्लेख एकदाच आला होता. ‘मामी सहकार्य करते.’

वहिनीनं बोटांवर मोजलं. “तीन शब्द,” ती म्हणाली. “डबे, वेण्या, गोवर, कांजण्या, पालकसभा. चौदा वर्षांचे तीन शब्द.”

एका पानात सगळं घर फिरलं. पंधरा मिनिटांपूर्वी जी माणसं घाटकोपरच्या बाजूची होती ती आता कॉटच्या बाजूला सरकून बसली होती. त्यांनी गोल कधी मोडला तेही वनमालाला कळलं नाही. तिनं खोल श्वास घेतला, आवाज खाली आणला आणि म्हणाली, तुमचा राग मी समजू शकते.

“हे वाक्य नको ताई,” वहिनी म्हणाली. “भांडुपच्या बाई पण हेच म्हणायच्या.”

 दीप्तीनं हात पुढे केला, प्रियंकानं पुस्तक तिच्याकडे दिलं. ती घाई न करता वाचत होती. नखं कुरतडण्याबद्दल तिथे होतं, आईच्या जुन्या स्वेटरवर डोकं ठेवून झोपण्याबद्दल होतं, परीक्षेच्या पेपरात बापाच्या नावाची जागा कोरी सोडण्याबद्दल होतं. म्हणजे मम्मीला हे सगळं माहीत होतं. आजी पत्रातून कळवायची, हे दीप्तीला आज कळत होतं. शेवटच्या परिच्छेदाशी ती थांबली आणि तो तिनं मोठ्यानं वाचला.

“‘सहाव्या भेटीत आई व मुलगा प्रथमच समोरासमोर बसले. मुलाने आपला राग आईला सांगितला. आईने तो शांतपणे ऐकून घेतला. दोघांतील दुरावा मिटला.’” तिनं मान वर केली. “मम्मी, हे कधी झालं?”

खाली आवारात कुणी तरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती चालू होत नव्हती.

या प्रश्नाची निदान चार उत्तरं वनमालाला येत होती. अनेक कुटुंबांची मिळून ही एक केस आहे, हे पहिलं. शिकवण्यासाठी शेवट सोपा करावा लागतो, हे दुसरं. चारही उत्तरं विद्यार्थ्यांसमोर कितीदा तरी देऊन झाली होती, आणि त्यातलं कुठलंही आत्ता दिलं असतं तर एसीची खोली अजूनही वाचली असती. तिनं लेकीकडे पाहिलं.

“झालंच नाही गं,” ती म्हणाली. “मी परत आले त्या वर्षी दर रविवारी इथे यायचे. तू क्लासला गेलेली असायचीस. एका रविवारी वहिनींनी तसंच सांगितलं, आणि मला दाराशी तुझ्या चपला दिसल्या. मी चहा घेतला, घाटकोपरला गेले आणि बसून तो परिच्छेद लिहिला. मला तसं व्हायला हवं होतं. तुझ्यासमोर बसायची मला भीती वाटायची. अजून वाटते.”

वहिनीनं नजर खाली घातली.

“आणि मला मुलगा का केलंस?”

“मुलगी लिहिलं असतं तर माझ्याच्यानं लिहिलं गेलं नसतं.”

दीप्तीनं पुस्तक मिटलं. ती चिडली असती, रडली असती, तर वनमालाला पुढे काय करायचं ते ठाऊक होतं. तिनं त्यातलं काहीच केलं नाही. पुस्तक प्रियंकाला परत देत म्हणाली, “बाळंतपण इथेच. आईपाशी.”

यावर वाद नव्हता. वनमालानं मान हलवली. मग ती उठून, काही तरी करायचं म्हणून, मोडे जागच्या जागी लावायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला तिच्याकडे मोकळा हात नव्हता. सुबोधनं मोबाइल खाली ठेवला आणि एक मोडा तिच्या हातातून घेतला. त्या संध्याकाळी जावयानं केलेलं हे एकमेव काम, पण ते वेळेवर केलं.

“इथे तर इथे,” वहिनी म्हणाली. तिचा राग अजून ताजा होता, म्हणूनच बहुतेक तिला मुद्दा सुचला. “पण करणार कोण? सासूबाईंचं वय झालंय, माझे गुडघे गेलेत. चौदा वर्षं मी सहकार्य केलं, आता ताईंनी इथे येऊन करावं. हॉलमध्ये झोपावं, लंगोट धुवावेत. आम्ही सहकार्य करू.”

राजेशदादाला हसू आलं, त्यानं ते खोकून लपवलं. सुंदराबाई हसल्या नाहीत. त्या लेकीकडे बघत होत्या. “वने, जनमभर लोकांच्या रजेच्या चिठ्ठ्या लिवल्यास,” त्या म्हणाल्या. “तुझी कुनी लिवलीच न्हाई.”

“ती नाही येणार,” दीप्ती म्हणाली. “तिसऱ्या दिवशी तिला सेमिनार आठवेल.”

सगळ्यांनी वनमालाकडे पाहिलं. येते, असं म्हणणं किती सोपं होतं. पण पुढच्या वेळी महिनाभर येते, हे ती याच दारात किती वेळा बोलली होती त्याला गणती नव्हती, आणि ऐकणारीला सगळ्या वेळा लक्षात होत्या. म्हणून तिनं पर्स घेतली, चपला घातल्या, रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली. डबा घ्यायला वाकली तर सुंदराबाईंनी त्यावर हात ठेवला.

“ह्यो ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या.

घाटकोपरच्या टेबलावर पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीचे कागद तपासायला येऊन पडले होते. वनमालानं प्रकरण सात काढलं, निष्क्रिय मामा खोडला, अतिसंरक्षक आजी खोडली, आणि मग शेवटचा अख्खा परिच्छेद. प्रकाशनातले मार्तंड दुसऱ्या दिवशी फोनवर कळवळले. म्हणाले, मॅडम, शेवट नसलेली केस मुलांना झेपत नाही, काही तरी घाला. तेव्हा इस्पितळातल्या नोंदवहीत शेवटच्या रकान्यात लिहायची तशी एक ओळ तिनं घातली. ‘पुढची भेट ठरलेली नाही.’ मामीविषयी मात्र तिनं दीड पान लिहिलं. मार्तंड त्यालाही कळवळले.

मग तिनं आपल्याकडे येणाऱ्या सगळ्या जोडप्यांना एकेक करून कळवलं की समुपदेशन तीन महिने बंद राहील. कारण विचारलं तर घरगुती अडचण सांगितली. काहींनी दुसरे पत्ते घेतले, काही रुसली. दोन जोडप्यांनी तर घाबरून आपसातच मिटवून टाकलं, ज्यांच्यावर ती दीड वर्षं घाम गाळत होती.

दीप्तीला नववा लागला त्या आठवड्यात, बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास, वनमाला मुलुंडच्या इमारतीखाली रिक्षातून उतरली. आधी कुणाला कळवलं नव्हतं. सोबत चंद्रप्रकाशची काळी लोखंडी ट्रंक होती, झाकणावर पांढऱ्या रंगात त्याचा नंबर आणि नाव, जी तिनं तीस वर्षं जपली होती, प्रत्येक बदलीच्या गावी नेली होती आणि या घरी मात्र एकदाही आणली नव्हती. दहा दिवसांसाठी ट्रंक कोण आणतं? लिफ्ट अर्थातच बंद होती. राजेशदादानं परत घेतलेले शब्द लिफ्टनं ऐकले नव्हते. एकेका पायरीवर ट्रंक टेकवत, दर मजल्यावर कुणाच्या तरी दाराशी दम घेत, ती चौथ्या मजल्यावर पोचली आणि तिनं बेल दाबली.

दार दीप्तीनंच उघडलं. एक हात कमरेवर, केस ओले. तिनं आईकडे पाहिलं, मग ट्रंकेकडे, आणि बापाच्या नावावर तिची नजर जरा रेंगाळली. ती दारातून हलली नाही.

“किती दिवसांची रजा?”

ती हसत नव्हती. हा विनोद नव्हता आणि पूर्वीही कधी नव्हता, हे वनमालाला त्या उंबऱ्यावर, धापा टाकत, छातीवर हात धरून कळलं.

“रजा नाही गं,” ती म्हणाली. “बदली झालीये.”

आतून सुंदराबाई ओरडून विचारत होत्या, कोन आलंय म्हणून. दीप्तीनं आईच्या मागे जिन्यात आणखी काही सामान आहे का ते वाकून पाहिलं, आणि मग ती बाजूला झाली.

“कपडे वरच्या कप्प्यात ठेव,” ती म्हणाली. “खालचा बाळाचा आहे.”